म्हसोबाला वळसा

बोरमळा, चिंचवडजवळ
११ फेब्रुवारी १९५७

एका सहीला माणसाला किती दिवस लागतात ते आधी कळवा. नमस्कार त्यानंतर करीन. कागद मी संक्रांतीच्या पाकिटात घातला होता. तिळगूळ पोचला म्हणून तुमचं कार्ड आलं. त्याच पाकिटातला कागद काय वाटेत दौंडला उतरला?

उद्धव भावजी, लहानपणी तुमचं नाक मी पदरानं पुसलंय, म्हणून असं लिहिते. राग आला तर येऊ द्या, पण सही करा.

कागद कसला ते पुन्हा सांगते, कारण तुम्ही तो वाचला नसणार. नव्या कामगारवस्तीसाठी रस्त्याकडेनं सरकारी नळ गेलाय. रस्त्यालगतच्या घरांना त्यातून जोड मिळतो. पण खेड्यातल्या माणसानं आपल्याच दारात आपल्याच खर्चानं नळ आणायचा तरी परवाना लागतो, आणि परवान्याला मालकाची सही. मी कारकुनाला म्हटलं, सगळा जन्म या घरात शेण सारवलं, मी मालक नाही तर कोण? तो म्हणाला, "आजी, उताऱ्यावर नाव उद्धवरावांचं आहे." तुमचे थोरले बंधू गेले तेव्हा घरचा कर्ता म्हणून तुमचं लागलं. बाईचं कोण लावतो.

बाकी सगळं मी जुळवलंय. नकाशा काढून घेतला, रस्त्यापासून आपल्या मोरीपर्यंत सरळ रेघ. मिस्त्री लायसनवालाच पाहिजे म्हणाले, तो मिळाला, ज्योतीराम म्हणून बीडकडचा आहे. तंबाखू फार खातो आणि कुरकुर त्याहून जास्त करतो. आपल्या चार खोल्यांत कामगार भाड्यानं राहतात, त्यांच्या संडासाच्या खड्ड्यापासून नळ लांब पाहिजे. सरळ नेला तर तो लांबच पडतो. आणि ओव्हरसियरनं डोळ्यानं बघितल्याशिवाय चर बुजवायचा नाही, असं ठळक छापलंय. एवढं झालं आणि तुमच्यापाशी अडलं.

नळ मला नको आहे. माझ्या हाडांना विहिरीच्या पायऱ्या पाठ आहेत. नळ शालनसाठी पाहिजे. सयाजीची बायको तुम्ही लग्नात बघितलीय, काटकुळी, हसरी. भरली घागर घेऊन विहीर चढायची आणि दोनदा तिचं पोट पडलं. आता पुन्हा दिवस गेलेत. सुईण म्हणाली, "गोजाबाई, या खेपेला हिच्या कमरेला घागर लागली तर मला बोलवू नगा." सयाजी कारखान्यातून येऊन पाणी भरतो, त्याला भाडेकरू हसतात. हसू देत. पण तो रात्रपाळीला गेला की ही पोर माझा डोळा चुकवून घागर उचलते. नातू कामावर आणि नातसून विहिरीवर, मी कुणाकुणाच्या मागं पळू? ज्येष्ठात बाळंत होईल. त्याच्या आत नळ यायला पाहिजे.

अक्षर लागलं नाही तर दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका, दोनदा वाचा. प्रौढांच्या वर्गात मला एवढंच शिकवलं.

गोजाबाई


मनमाड
२० फेब्रुवारी १९५७

वडीलधाऱ्या गोजावहिनींना धाकट्या दिराचा दंडवत.

कागद वाचला होता, म्हणूनच सही केली नाही. आपण सरळ रेघ लिहिता. ती रेघ बाभळीखालच्या म्हसोबाच्या अंगावरून जाते, ते लिहीत नाही. तिथे पहार लागणार, देव उचलला जाणार, त्याच्या जागेत लोखंड पुरले जाणार.

वहिनी, गुऱ्हाळ घातले त्या साली दादांनी तो धोंडा चार हात सरकवला होता. त्याच पावसाळ्यात माझा मालोजी गेला. सकाळी अंगणात खेळत होता आणि दिवेलागणीला नव्हता. दादांना मी कधी एक शब्द बोललो नाही. मनमाडला बदली मागून घेतली. अजूनही गावी आलो की आधी त्या देवापुढे नारळ ठेवतो, मग घरात पाऊल टाकतो.

शालनसाठीच सांगतो आहे. घरात पोटुशी बाई असताना त्याला डिवचू नका. नळाला वळसा घाला. एवढे कबूल असेल तर सही करतो.

आपला
उद्धव


बोरमळा
५ मार्च १९५७

भावजी,

तुम्ही डॉक्टर आणायला धावला होता, तेव्हा मालोजी माझ्या मांडीवर होता. म्हणून मला ठाऊक आहे तो कशानं गेला. पटकीनं गेला. त्या साली गावात घरटी एक तिरडी उठली. ज्यांच्या दारात म्हसोबा नव्हता त्यांचीही उठली. सगळे ओढ्याचं पाणी पीत होतो. धोंड्यानं काही केलं नाही. तो तेव्हाही बसून होता, आताही बसून आहे.

मी त्याला नारळ देते, कोंबडं देते, दहीभात ठेवते आणि बाजूला बसवते. माझ्याशी त्याचं भांडण नाही. पण तुम्ही ऐकणार नाही, तुमच्या पत्राची शाईच सांगते.

ज्योतीरामाला वळशाचं विचारलं. तो आधी थुंकला, मग बोलला. "आजे, वरच्या अंगाला काळा पाषाण हाय, सुरुंगाबिगर फुटायचा न्हाई. खालनं वळवला तर संडासाच्या खड्ड्याला खेटून जातंय. आन् बाक दिला की जोड वाढत्यात. जोड म्हंजी ताग आन् सफेदा भरून आवळायचं. आज घट्ट हाय, उद्याचं मी लिहून देनार न्हाई." मी म्हटलं, मग लायसन कशाला घेतलंस? म्हणतो, "नवा नकाशा द्या, सायेबाला दाखवा, मग म्हना तिकडं वळवतो."

नवा नकाशा म्हणजे नवा परवाना. कचेरीतले सगळे निवडणुकीला जुंपलेत. कारकून म्हणतो, दोन महिने धरून चाला. दोन महिन्यांत शालन विहिरीच्या पायरीवर कुठंतरी बसलेली सापडेल मला.

तेव्हा तुम्ही सांगा. सरळ नेऊ देता, की नव्या नकाशावर सही करून वर कचेरीला दोन ओळी लिहिता, लवकर करा म्हणून? दोहोंपैकी एक लिहा. तिसरं काही लिहू नका.

गोजाबाई


मनमाड
१४ मार्च १९५७

गोजावहिनींस,

तिसरेच लिहितो आहे, रागावू नका. सही केलेला पहिलाच कागद सोबत आहे. तोच द्या, परवाना लगेच हातात पडेल. चर खणताना मात्र खालच्या अंगाने वळसा घाला. नव्या नकाशाची गरज नाही. कचेरीतला माणूस कागद बघतो, जमीन कोण बघतो? उभी नोकरी मालधक्क्यावर पावत्या लिहिण्यात गेली आहे, मला हे कळते.

दुसरे. एकतीस तारखेला फाल्गुनातली अमावास्या आहे. म्हसोबाच्या पायाशी उघडा चर अमावास्येला ठेवायचा नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. आईने कधी ठेवू दिला नसता. ओव्हरसियर त्याआधी आला तर उत्तम, नाही आला तर माती लोटून घ्या. खड्ड्याची शंका असेल तर वरून दोन टोपल्या चुना टाका.

सयाजीच्या बाळाला आतापासूनच आशीर्वाद.

उद्धव


बोरमळा
९ एप्रिल १९५७

भावजींना नमस्कार. या खेपेला आधी करते, कारण पाणी आलं. पाडव्याच्या सकाळी आलं.

चर अमावास्येच्या आदल्या दिवशी बुजवला. ओव्हरसियरकडं माणूस धाडला होता, तो चाकणकडं गेलेला, आठवड्यानं येतो म्हणाला. आठवडा थांबले असते तर तुमच्या म्हसोबानं काय केलं असतं कोण जाणे. ज्योतीरामानं तुमच्या म्हणण्यासारखा बाक दिला, पण फावड्याला हात लावला नाही. "बुजवायचा तर तुमी बुजवा. माजा लायसनचा बिल्ला जाईल." बांधावर तंबाखू मळत बसला. माती सयाजीनं आणि मी लोटली. चुना टाकला.

पाणी सकाळी थोडा वेळ असतं आणि संध्याकाळी थोडा वेळ. यायच्या आधी नळ घोगरा आवाज काढतो. शालन लगेच डोक्यावर पदर घेते. "आलं बघा मामंजी, खाकरत्यात." माझा लेक तिच्या लग्नाआधीच गेला, सासरा तिनं बघितलाही नाही, आणि नळापुढं पदर घेऊन हसत बसते. तोटी उघडते, बंद करते, पुन्हा उघडते. मी म्हणते, अगं मोडशील. "मोडू द्या आजी, मामंजी दुसरी आणतील." इतकी वर्षं या मोरीत नुसता भांड्यांचा आवाज होता.

पहिली कळशी गढूळ येते, ती शालन म्हशीपुढं ओतते. नंतरचं स्वच्छ दिसतं. मला काही ते गोड लागत नाही, लोखंड लागतं तोंडाला. मी माझ्यापुरता तांब्या विहिरीतनं काढते. खोल्यांतले कामगार नळाचंच नेतात, आता सयाजीला कुणी हसत नाही.

परवा ओव्हरसियर आला. बुजलेली माती बघून त्यानं टोपी काढली आणि परत घातली. "आजी, तुम्हाला वाचता येतं ना? मग हे काय छापलंय?" सयाजी म्हणाला, नकाशाप्रमाणं सरळच आहे साहेब. माझा नातू खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. ओव्हरसियर कानाकडंच बघत होता. म्हणाला, "उघडून दाखवा. मेअखेर येईन. तोवर उघडला नाही तर जोड तोडीन."

मला वाटतं उघडावा. खड्ड्याजवळचे दोन जोड तरी त्याला दाखवावेत, दंड करायचा तर करू दे. सयाजी म्हणतो, उद्धवआजोबांची सही आहे, त्यांना विचारल्याशिवाय नको. म्हणून विचारते.

गोजाबाई


मनमाड
२० एप्रिल १९५७

गोजावहिनींस,

पत्र वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. शालनला म्हणावे, मामंजींना फार राबवू नको.

गढूळ पाण्याचे मनावर घेऊ नका. नवा नळ महिनाभर गंज सोडतो, आमच्या रेल्वेच्या टाकीचेही तसेच आहे. चर मात्र आता उघडू नका. पुढची अमावास्या तोंडावर आहे, त्यानंतर बाळंतपण येईल. पोटुशीच्या डोळ्यांपुढे खणाखणी नको. ती मोकळी झाली की मीच रजा काढून येतो आणि ओव्हरसियरशी बोलतो. सरकारी माणसाशी सरकारी माणसाने बोललेले बरे. माझी नोकरीची दोनच वर्षे राहिली आहेत, उगाच कागदोपत्री काही व्हायला नको.

उद्धव


बोरमळा
१७ मे १९५७

शालनला ताप आहे. महिन्याच्या सुरुवातीला आला तो उतरत नाही. चिंचवडच्या डॉक्टरनं जीभ बघितली, पोट दाबलं, म्हणाला मुदतीचा ताप, टायफॉइड. खोल्यांतली दोन माणसंही पडलीत. डॉक्टरनं सगळ्यात आधी विचारलं, पाणी कुठलं पिता. मी म्हटलं, नळाचं, परवान्याचं.

सयाजी कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरतो. साहेबाचे पाय धरून चार मागून आणल्या. डॉक्टरनं हातात घेऊन बघितल्या आणि परत दिल्या. "हे चांगलं औषध आहे, पण या तापाचं नव्हे." या तापाचं पुण्याहून आणलंय, ते चालू आहे. सयाजीनं त्या चार बाटल्या अजून खिशातनं काढल्या नाहीत.

ती बरळते. नळ खाकरला की अंथरुणात पदर शोधते.

काल मी चर उघडला. तिथी बघितली नाही. म्हसोबाला मागं टाकून नळ जिथं खड्ड्याकडं वळतो, तिथला जोड ओला होता आणि माती काळी होती. चुना कुठं गेला कळलं नाही. वास पाकिटात घालून पाठवता येत नाही, नाहीतर पाठवला असता. तोटी मी सुंभानं आवळून टाकलीय.

तुम्ही रजा काढून येतो म्हणाला होता. या.

गोजाबाई


मनमाड
७ जून १९५७

गोजावहिनींस उद्धवाचा नमस्कार.

तार मिळाली. काय लिहावे सुचत नाही. शालन गेली आणि मुलगी मागे राहिली, देवाची इच्छा. रजेचा अर्ज केला होता, गाड्यांची गर्दी असल्याने मंजूर झाली नाही. सयाजीला धीर द्या.

दुसरी गोष्ट लिहिणे भाग आहे. कचेरीची नोटीस माझ्या नावाने इथे आली आहे. मंजूर नकाशा सोडून नळ नेला, तपासणीआधी चर बुजवला, त्यातून वस्तीत आजार पसरला, तरी मालकाने पंधरा दिवसांत स्वतः खुलासा करावा, असे आहे. असा कागद माझ्या साहेबापर्यंत गेला तर पेन्शनचे काय होईल सांगता येत नाही.

मी विचार केला आहे. आपण आणि सयाजीने एक जबाब लिहून द्यावा की वळसा ज्योतीराम मिस्त्रीने आपल्या मनाने घातला आणि माती त्यानेच लोटली. मालकाला ठाऊक नव्हते, आपल्याला नकाशा कळत नव्हता. बाईमाणूस आहे म्हणून कोणी खोलात जाणार नाही. मिस्त्री परजिल्ह्यातला आहे, आज इथे तर उद्या तिथे. एक बिल्ला गेला तर त्याला दुसरे काम मिळेल. घराची अब्रू राहील. गेलेली काही परत येणार नाही.

पत्र पोहोचताच उत्तर द्या.

उद्धव


बोरमळा
१६ जून १९५७

तुमचं पत्र तेराव्याला आलं. पिंड ठेवून आलो आणि पोस्टमन दारात. शालनवर तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि नोटिशीवर पान भरलंत. मी दोनदा वाचलं, अक्षर तुमचंच आहे.

परजिल्ह्यातल्या माणसाचं आधी सांगते. शालनला पोचवून आलो तेव्हा चूल थंड होती. कडू घास घेऊन भावकीतलं कुणी आलं नाही, सगळ्यांना तापाची भीती. ज्योतीरामाची बायको आली. पिठलं-भाकरी पुढं ठेवली आणि म्हणाली, "मावशे, खा. पोरीला उचलायला हातात बळ पायजे." मी खाल्लं. ते अन्न माझ्या पोटात आहे आणि तुम्ही म्हणता तिच्या नवऱ्यावर खोटं लिहून द्या. त्याची तीन पोरं त्या बिल्ल्यावर जेवतात. त्यानं नवा नकाशा मागितला होता, मी तुम्हाला कळवलं होतं. फावडं त्याच्या हातात नव्हतं, सयाजीच्या आणि माझ्या हातात होतं. हे मी ओव्हरसियरपुढं, पंचांपुढं सांगून आले. माझ्या वाट्याचं सांगून झालंय. मला नकाशा कळत होता, हेही सांगितलं.

ओव्हरसियर आता टोपी काढून बसतो, ओरडत नाही. त्यानं समजावलं. पाणी बंद झालं की नळाचं पोट रिकामं होतं, आणि रिकामा नळ बाहेरचं आत ओढतो. जोड सैल असला तर शेजारी जे असेल ते. पाणी यायच्या आधी तो खाकरायचा, तो त्याच रिकाम्या पोटाचा आवाज. आणि ती पोर त्याच्यापुढं पदर घेत होती.

तोटीला त्यानं लाख लावून मोहोर केलीय. मालकाचा खुलासा आणि नव्या नकाशावर मालकाची सही, दोन्ही आल्याशिवाय ती निघायची नाही. तोवर पाणी विहिरीचं, मी आणते. पोरगी दीड वीत आहे. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं चोखते, मध्येच थकून झोपते. तिला लागणारं पाणी उकळते, तिची दुपटी धुवायचं पाणीही उकळते. पायऱ्यांवर मला आता दोनदा बसावं लागतं. सयाजी पाळीवर जातो, येतो, मोरीकडं पाठ करून जेवतो. त्याच्याशी बोलायला गेलं की म्हणतो, "आजी, पाणी मी आणलं असतं." एवढंच बोलतो.

म्हसोबा मी हलवला. कुणाला विचारलं नाही. घरात कुणी नव्हतं, पहार घातली आणि निघाला. भोपळ्याएवढा आहे हो. शेंदराखाली नुसता भोपळ्याएवढा धोंडा. घमेल्यात मावला. संडासाच्या खड्ड्याच्या काठावर नेऊन बसवलाय, तिथली राखण करू दे. सरळ रेघ आता मोकळी आहे. चार महिन्यांपूर्वी जेवढ्या वेळात भाकरी थापून झाली असती तेवढ्या वेळात झालं असतं.

मालोजी गेला तेव्हा तुम्ही दादांना एक शब्द बोलला नाही आणि मनमाडला जाऊन बसलात. इतकी वर्षं तो शब्द पोटात ठेवलात, आणि तो शालनच्या नळातनं बाहेर आला. मी तसं ठेवणार नाही. मी बोलतेय. वळसा तुम्ही सांगितलात. अमावास्येच्या आत बुजवा तुम्ही सांगितलंत. उघडू नका तुम्ही सांगितलंत. ऐकलं मी, ते माझ्याकडं राहिलं. सांगितलं ते तुमच्याकडं.

तुमची पत्रं ट्रंकेत आहेत. ती कचेरीत नेणार नाही. तुम्हाला पकडून द्यायचं नाही मला; तुम्ही आपण होऊन सांगायचं आहे. पेन्शन गेलं तर इथं या. दोन माणसांची भाकरी या जमिनीत निघते, आणि विहिरीवर एक माणूस कमीच आहे.

नोटिशीत मालकानं खुलासा करावा असं छापलंय. उताऱ्यावर नाव तुमचं, परवान्यावर सही तुमची. ज्योतीराम लिहिणार नाही. सयाजी लिहिणार नाही. मी लिहायचं तेवढं लिहिलं. उत्तर मला पाठवू नका, मला त्याचा उपयोग नाही. कचेरीला पाठवा, पंधरा दिवसांच्या आत, आणि ते तुमच्याच हातानं लिहा.

गोजाबाई